हवालदाराच्या उसातली अळी

संयोगिताच्या घरात शिरायचं तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागायचं. फाटकाला लागूनच लिंबाखाली तिच्या आजोबांची, म्हणजे आकाराम हवालदारांची खुर्ची. फौजेतून पेन्शनीत येऊन जमाना झाला तरी त्यांचा पहारा काही सुटला नव्हता. पावलं वाजली की मान न वळवता विचारायचे, "थम. कौन आता है?" येणाऱ्यानं म्हणायचं, "दोस्त." मग आबा म्हणायचे, "आगे बढो," आणि मगच आत यायचं. नातवंडं म्हणायची, दूध न्यायला येणारा म्हणायचा, अगदी सोसायटीचे चेअरमनसुद्धा म्हणायचे. एकदा एक नवा मीटरवाला "लाइट बिल" असं म्हणाला, तर आबांनी त्याला बाहेरच उभा ठेवला. आजीनं ताक नेऊन दिलं तेवढंच.

तर यंदा राखीला या फाटकातून संयोगिताचा लोणंदचा मामा "दोस्त, दोस्त" करत आत आला आणि बरोबर एक जुना कॅमेरा घेऊन आला. मामाचा तिथं फोटो स्टुडिओ. लग्नांसाठी त्यानं नवा कॅमेरा घेतला होता, म्हणून हा भाचीला. त्याबरोबर एक छोटी लेन्स आणि एका पिशवीत तीन काळी नळकांडी. एक करंगळीच्या पेरापेक्षाही कमी जाड, एक त्याहून जरा मोठं, एक चांगलं रुंद. एक्स्टेंशन ट्यूब म्हणतात त्यांना.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ शिवतेज आला. शिवतेज ड्रोननं औषध फवारायचं काम करतो, त्यामुळं जगातली सगळी यंत्रं आपल्याला कळतात असा त्याचा समज आहे. त्यानं एक नळकांडं उचललं आणि त्यातून बोट आरपार घातलं.

"संयू, आत भिंगच न्हाई की गं. मामानं तुला काळी बांगडी दिली."

"त्यात भिंग नसतंच."

"मग हाय काय आत?"

"हवा."

"लोणंदची?"

"असूदे की," आजी चुलीपुढून म्हणाली. "लोणंदची हवा चांगली असती म्हणत्यात."

आधीची संयोगिता असती तर इथंच गप्प झाली असती. वर्गात उत्तर यायचं तेही ती मनातल्या मनात देऊन टाकायची. पण हातात कॅमेरा आला आणि पोरीच्या गळ्याचं बूच कुठं उडालं कोण जाणे. तिनं शिवतेजच्या बोटातून नळकांडं काढून घेतलं, कॅमेऱ्याला फिरवून बसवलं, त्याच्यापुढं लेन्स बसवली आणि त्याला समोर उभा केला.

"हे मधी घातलं की लेन्स कॅमेऱ्यापास्नं लांब सरकती. जेवढी लांब सरकंल, तेवढं जवळचं दिसतं. तिन्ही घातली तर चार बोटांवरचं दिसतं, आणि मुंगी एवढी मोठी दिसती की तिला नमस्कार करावा वाटंल."

"आणि लांबचं?"

"लांबचं काही न्हाई. फाटकसुदिक धुरकट."

"म्हणजे आबांच्या उलटं," शिवतेज म्हणाला, आणि लिंबाखालून खाकरल्याचा आवाज आल्यावर लगेच ताक मागू लागला. आबांना नदीपलीकडच्या बांधावर कोण चाललंय ते ओळखू यायचं, पण हातातल्या गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचता यायचं नाही.

त्या दिवसापासून संयोगितानं काही म्हणून सोडलं नाही. म्हशीची पापणी घेतली, जास्वंदीचे परागकण घेतले, साखरेचा खडा घेतला, आजीच्या नथीतला मोती घेतला. आणि नळकांड्यांची खोडही तिला कळली. उजेड ती खाऊन टाकतात. एरवी लख्ख दिसणारी गोष्ट तिन्ही चढवल्यावर संध्याकाळ झाल्यासारखी दिसते. आणि फोकस असतो केसाएवढा. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर तिची मिशी धुरात. पुढंमागं नुसतं डोललं तरी सगळं हातचं जातं. मुंगीच्या तोंडाचा फोटो तिनं वर्गात दाखवला तेव्हा सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती जमला होता, आणि तेव्हापासून ती उत्तरं मोठ्यानं देत होती, चुकलेली पण.

भाद्रपदात उसाला लोकरी मावा लागला. नदीकाठच्या मळीतला, गाळाच्या रानातला, दीड वर्षानं तुटणारा आडसाली ऊस, डोक्याच्या वर गेलेला, अगदी लेकरागत जपलेला. पानं उलटून बघितली तर खालून पांढरी, पिंजलेला कापूस चिकटवल्यासारखी. तो कापूस म्हणजे बारीक बारीक किडे, पानाचा रस पिणारे. वरच्या पानावरून चिकटा गळतो आणि खालची पानं काळी पडतात. मागं एकदा याच माव्यानं सगळा काठ पांढरा केला होता, ते आबांच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. उंच उसात पंप घेऊन शिरता येत नाही, म्हणून त्यांनी शिवतेजला सांगून टाकलं, रविवारी सकाळी ड्रोन घेऊन ये.

शनिवारी शाळा अर्धी. संयोगिता दप्तर टाकून थेट मळीत गेली. फवारलं की ही पांढरी गंमत जाणार, त्याआधी फोटो काढून ठेवू, एवढंच तिच्या मनात. पण कॅमेऱ्यातून बघताना त्या कापसात तिला काहीतरी हललेलं दिसलं. राखाडी-हिरवं, लांबट, अंगावर ताठ केस. तिनं श्वासही न घेता चार-पाच फोटो ओढले आणि पळत घरी आली.

संध्याकाळी घरातले सगळे टीव्हीपुढं बसवून तिनं कॅमेऱ्याचं कार्ड टीव्हीला लावलं. आधी मावा. आजी म्हणाली, "कापसाचं बोंडच की गं." आई म्हणाली, "बर्फ पडल्यागत." फौजेत, लडाखला असलेल्या बाबांना पाठवूया असंही ठरलं. संयोगितानं जरा थांबून, सगळ्यांची तोंडं बघून घेऊन, पुढचा फोटो लावला.

अख्खा टीव्ही भरून एक अळी. तपकिरी डोकं उशीएवढं, अंगावर खराट्याच्या काड्यांसारखे केस.

आजीनं पदर तोंडाला लावला. आबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"ही कुठली?"

"आपल्या उसातली," संयोगिता म्हणाली, जणू तिनंच वाढवलेली.

"आपल्या?"

"बांधाकडनं तिसऱ्या सरीत. लय भारी आलीय न्हाई, आबा?"

आबांनी फोन उचलला. नंबर दिसत नाही म्हणून लांब धरून लावला. "शिवा, उद्याचं औषध बदल. माव्याचं हाय तेच, त्यात अळीचं बी घाल. कडक. आरं, मावा मावा म्हणून बसलो, हितं अजगार निघालाय."

"आबा, ती एवढी न्हाई," संयोगिता म्हणाली.

"दिसतंय की केवढी हाय."

"टीव्हीवर दिसतीय. खरी तांदळाएवढी."

"तांदळाएवढीला असलं डोकं असतंय व्हय?"

आता सांगायचं कसं? फोटोत शेजारी काही नव्हतंच, ना काडी ना नख, की बघणाऱ्याला माप कळावं. मोठं करून दाखवायच्या नादात केवढ्याचं केवढं केलं हे सांगायचंच राहिलं होतं. ज्या घरात ऊस पोखरणाऱ्या खोडकिड्याचं नाव काढलं तरी जेवण उतरत नाही, तिथं तिनं हत्तीएवढी अळी आणून सोडली होती.

ती कार्ड परत कॅमेऱ्यात घालून कोपऱ्यात बसली आणि फोटो परत परत बघत राहिली. आणि मग तिला एक गोष्ट खटकली. अळीच्या आसपास माव्याची रिकामी कातडी पडली होती. वाळलेली, चपटी. आणि तोंडाला लोकर लागल्यासारखं काहीतरी. नेमकं तोंड मात्र फोकसच्या बाहेर.

श्रावणात शाळेत कृषी सहायक दीपमाला मॅडम आल्या होत्या. सगळे किडे वैरी नसतात असं सांगून गेल्या होत्या, आणि फळ्यावर नंबरही देऊन गेल्या होत्या. संयोगितानं त्यांना फोटो पाठवला. जेवायच्या आत फोनवर त्यांचा बोललेला निरोप आला, आणि तिनं तो आबांसमोरच लावला.

"संयोगिता, ही डिफा नावाच्या मित्रकिड्याची अळी दिसतेय. लोकरी मावा हेच तिचं खाणं. उसाला ती काही करत नाही. पण तोंडाकडचं धूसर आलंय, त्यामुळं फोटोवरून खात्रीनं नाही सांगता येत. खाताना स्पष्ट दिसली तर प्रश्नच मिटला. मी ट्रेनिंगला साताऱ्यात आहे, सोमवारी येते. तोवर जमलं तर फवारू नका."

"ऐकलंसा?" संयोगिता म्हणाली.

"ऐकलं. 'दिसतेय' म्हणाली. 'आहे' म्हणाली न्हाई."

"पण आबा, कडक औषध मारलं तर मावा मरंल आणि ही बी मरंल. आणि मावा परत आला तर? हिला कुठनं आणायचं?"

"आणि न्हाई मारलं आणि ही वैरीण निघाली तर? सोमवारपतूर दोघं मिळून ऊस चाटून ठेवत्याल. हा ऊस गेला तर पुढलं वरीस कशावर काढायचं?"

आजी ताटं घ्यायला उठली. पण संयोगिता उठली नाही.

"खाताना दाखवली तर?"

"टीव्हीवर?" आबा म्हणाले. "टीव्हीत काय बी दाखवत्यात."

"टीव्हीवर न्हाई. मळीत. तुमच्या डोळ्यांनी."

आबांनी तिच्याकडं बघितलं. ही पोर आपल्याशी असं समोरासमोर कधीपासून बोलायला लागली, ते ते आठवत असावेत. "शिवा टाकी भरायच्या आत दाखवायचं," ते म्हणाले. "एकदा टाकी भरली की माघार न्हाई."

सकाळी उन्हं चढायच्या सुमाराला संयोगिता मळीत हजर झाली, आणि मदतीला आजी, कारण तिसरा हात पाहिजे होता आणि परातही आजीचीच पाहिजे होती. रात्रभरच्या दवानं पाला ओला. दोघीही कंबरेपर्यंत भिजल्या. वाकून, पानं उलटून, पांढऱ्यात राखाडी शोधत त्या सरीनं पुढं सरकल्या.

"मला तर समदं सारखंच दिसतंय," आजी म्हणाली.

"कोळ्याच्या जाळ्यागत दिसतंय का बघ. त्यात ती लपती."

"हे काय?"

तेच होतं. आजीलाच सापडली, आणि ते आजीनं पुढं गावभर सांगितलं. लोकरीच्या खाली रेशमाचा पातळ पडदा आणि त्याच्याआड ती, तांदळाएवढी. संयोगितानं तुरीची काडी रोवली, दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे आणले होते ते लावून पान काडीला बांधलं, म्हणजे वाऱ्यानं हलायला नको. मग खिशातून तांदळाचा एक दाणा काढला आणि कणकेच्या कणानं अळीच्या शेजारी चिकटवला. काल झाली ती चूक आज व्हायची नव्हती.

तिन्ही नळकांडी चढवली. डोळा लावला तर आत अंधार.

"आजी, परात. ऊन ह्याच्यावर टाक."

"असं?"

"जरा खाली. अजून. माझ्या तोंडावर न्हाई, अळीच्या."

"माझी भाकरीची परात," आजी म्हणाली, "आणि तुझ्या अळीला ऊन खायला घालायलीस."

उजेड पडला आणि सगळं उजळलं. तांदळाचा दाणा ओंडक्यासारखा, आणि त्याच्या शेजारी ती. पण फोटो येईना. संयोगितानं श्वास घेतला की तोंड धुरात, सोडला की शेपूट स्पष्ट. पुढं डोलली, मागं डोलली. अळी हलायची तेव्हा हिचा हात हलायचा, हात थांबायचा तेव्हा अळी रेशमात शिरायची. एक फोटो धूसर, दुसरा धूसर, तिसऱ्यात नुसता तांदूळ. आणि रस्त्याकडून शिवतेजच्या पिकअपचा हॉर्न आला.

"आला गं," आजी म्हणाली.

"येऊ दे."

म्हणाली आणि परत डोळा लावला. पाला सळसळला. आबा काठी टेकत सरीतून येत होते. येऊन मागं उभे राहिले. संयोगितानं आणखी एक फोटो घेतला. धूसर.

"हे काय करायलीस?" आबा म्हणाले.

"फोकस न्हाई थांबत."

"फोकसचं राहूदे. कोपर कुठाय तुझं? हवेत. असं धरून रायफल चालवली असती तर उस्तादानं मला पाठीवर दगड देऊन पळवला असता." त्यांनी काठी आजीकडं दिली आणि मांडी दुखत असतानाही गुडघ्यावर बसले. "गुडघा टेक. दुसरा वर. त्याच्यावर कोपर. व्हय. दुसरं कोपर बरगडीला. दाब. आता श्वास घे."

तिनं घेतला.

"अर्धा सोड. अर्धा. आणि धर आत. आता दुनिया थांबली. बोट आवळायचं न्हाई, नुसतं वजन द्यायचं."

दुनिया खरंच थांबली. चौकटीत रेशमाचा पडदा हलला, तपकिरी डोकं बाहेर आलं, शेजारच्या माव्याला जाऊन भिडलं. पांढरी लोकर विस्कटली. संयोगितानं बोटाचं वजन दिलं.

"लागली?" आबांनी विचारलं.

"लागली."

डोकं, जबडा, जबड्यात मावा, सगळं लख्ख. तिनं फोटो दाखवायला कॅमेरा वळवला, तर आबांनी हात आडवा केला. "ते झालेलं. आत्ता काय चाललंय ते दाव."

मग तिनं स्क्रीन चालू केली आणि तशीच गुडघ्यावर, कोपर टेकून, अर्धा श्वास धरून, कॅमेरा पानापासून चार बोटांवर स्थिर ठेवला. आबा तिच्या खांद्यामागून स्क्रीनकडं बघू लागले. लांबून, त्यांच्या सोयीच्या अंतरावरून.

"हे काय मोठं पांढरं?"

"तांदूळ."

"आपला?"

"आपलाच, डब्यातला."

"म्हणजे ही..." आबांनी पानाकडं बघितलं, परत स्क्रीनकडं बघितलं. "एवढीच?"

अळीनं पहिला मावा संपवला. रिकामं कातडं बाजूला पडलं. मग ती थोडी लांब झाली, दुसऱ्याला जाऊन लागली. घाई नाही, गडबड नाही. आजी परात धरून उभी, हात भरून आले तरी ऊन हलू दिलं नाही तिनं. दुसराही संपला.

"आबा," शिवतेजनं बांधावरून हाक दिली, "टाकी भरू का?"

आबांनी मागं न बघता हात वर केला. मग पानाजवळ वाकले, इतके की त्यांना काहीच दिसलं नसणार, आणि रोजच्या फाटकावरच्या आवाजात म्हणाले, "थम. कौन आता है?"

संयोगितानं कॅमेरा हलू दिला नाही. अर्धा श्वास उरला होता, त्यातच ती म्हणाली, "दोस्त."

स्क्रीनवर अळी तिसऱ्या माव्याकडं निघाली होती. आबांनी ती तिथं पोचेपर्यंत बघितलं.

"आगे बढो," ते म्हणाले.

मग आजीच्या खांद्याला धरून उठले, पँटीची माती झटकली आणि बांधाकडं तोंड करून म्हणाले, "शिवा, टाकी भरू नको. घरी जाऊन च्या घे."

"आवं, मी डिझेल जाळून आलोय."

"मग दोन कप घे."

शिवतेज सरीतून आत आला, चिमट्यात धरलेलं पान बघितलं, स्क्रीन बघितली आणि परत पान बघितलं. "आपल्याच पाल्यावर?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्या सरीत," संयोगिता म्हणाली. "कालच आबांना सांगितलं होतं."

आबांनी मात्र सगळा गड सोडून दिला नव्हता. "मॅडम सोमवारी येऊन बघू देत. आणि पुढं आठ दिस रोज सकाळी मला रिपोर्ट पाहिजे. ह्या सरीत, त्या कडंला आणि मधी. मावा कमी झाला का वाढला, ह्या अळ्या आणखी किती हायत, समदं. वाढला तर ड्रोन परत येणार, मग रडायचं न्हाई."

"न्हाई रडणार."

"आणि तांदूळ लावूनच फोटो काढायचा. अजगार आणून टीव्हीवर सोडायचा न्हाई."

"जी."

शिवतेजनं नळकांड्यांची पिशवी उचलली, एक रिकामी झाकणी काढून बघितली, मग हळूच म्हणाला, "संयू, ती बांगडी एक दिवस दे की. ड्रोनच्या पंख्याला कुठं चीर गेलीय का ते बघायचं हुतं."

"त्यात भिंग न्हाई बरं का."

"ठाऊक हाय."

"नुसती हवा हाय."

"लोणंदची," आजी म्हणाली आणि परात डोक्यावर घेऊन निघाली.

संयोगिता उठली तेव्हा तिच्या गुडघ्याला चिखल होता आणि बरगडीवर उजव्या कोपराचा वळ. आबा सरीच्या टोकाला पोचले होते, पाठ ताठ, काठी नुसती हातात. त्यांचा एक फोटो घ्यावा म्हणून तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. नळकांडी चढवलेलीच होती, म्हणून आबांच्या जागी नुसता एक पांढरा धूर दिसला, पाल्यातून घराकडं जाणारा. नळकांडी काढून लेन्स परत लावायला किती वेळ लागतो तिला? पण तिनं काढली नाहीत. परत गुडघा टेकला, कोपर वर ठेवलं आणि पुढचं पान उलटलं.